मंजुरी येईपर्यंत

चिंचोळकरकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमची कार्यालयीन वेळ काय?"

अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीत शैलामावशींच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली, त्याच दिवशीची गोष्ट. दोन बॅगा जिन्यात अडकलेल्या, काखेत उशी, आणि समोर हा साठीचा, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचलेला माणूस. मी म्हटलं, काका, मी पीएचडी करते, मला अशी ठरलेली वेळ नाही. त्यांनी हळूच मान हलवली. एखाद्याला साखरेचा आजार निघाला असं कळल्यावर आपण हलवतो तशी. मग माझी एक बॅग उचलून वर नेऊन ठेवली आणि खाली जाऊन पुन्हा पेपर वाचत बसले.

शैलामावशी ही त्यांची धाकटी बहीण. तिने भावासाठी अमेरिकेचा अर्ज भरला होता, पण तो रांगेत इतकी वर्षं पडून राहिला की ग्रीन कार्ड हातात आलं तोवर काका नागपूरच्या सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, काकू वारलेल्या, मूलबाळ नव्हतंच. मी एकदा विचारलं, मग आलात कशाला? त्यावर ते म्हणाले, "अर्ज मंजूर झाला होता ना जी. मंजूर झालेला अर्ज नाकारायचा कसा?" मी हसले. ते हसले नाहीत.

नागपुरात मागे राहिले ते दादा. सगळ्यांत थोरले, शाळामास्तर, बिनलग्नाचे. आईवडील लवकर गेल्यावर या दोघांना त्यांनीच वाढवलं. काकांना नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर बसवून दादांनीच ऑफिसच्या दारात सोडलं होतं. काका अमेरिकेला निघाले तेव्हा दादांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. "शेवटी तोंडात पाणी घालायला तू ये. बाकी काही नको." काका हो म्हणाले. हे मला मावशीने सांगितलं, आणि दादांचा फोन आला की काका उभे राहून बोलतात हे मी स्वतः पाहिलं.

काकांची एकतीस वर्षं आस्थापना शाखेत गेली. म्हणजे सरकारी ऑफिसात इतरांच्या नेमणुका, बदल्या आणि रजा यांची कागदपत्रं जिथे चालतात, तिथे. इथे ते रूट नाइन या हमरस्त्याच्या पलीकडे एका गोदामात कामाला होते. दवाखान्यांना लागणारं सामान खोक्यांत भरायचं आणि वर चिठ्ठी डकवायची. कामाची वेळ सात. काका सातला वीस कमी असताना हजर. साहेबाच्या आधी शिपायाने आणि शिपायाच्या आधी घड्याळाने हजर असावं, हे त्यांचं म्हणणं. थंडी असो, बर्फ असो, पंचवीस मिनिटं पायी जायचे. मावशी गाडीने सोडते म्हणाली तर म्हणायचे, तुझी झोप ही तुझी हक्काची रजा आहे.

रूट नाइन ओलांडायच्या जागी त्यांचा एक खेळ चालायचा. खेळ मी म्हणते, त्यांना तो खेळ वाटत नव्हता. पहाटेच्या त्या वेळी दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर एक गाडी नसायची. काका सिग्नलच्या खांबावरचं बटण दाबायचे आणि थांबा सांगणारा लाल हात जाऊन चालत्या माणसाचं पांढरं चित्र येईपर्यंत उभे राहायचे. अंगावर बर्फ साचायचा. एकदा मी गाडी घेऊन लवकर निघाले होते, तर त्यांना बघून काच खाली केली आणि म्हटलं, काका, रस्ता मोकळा आहे, जा ना. ते म्हणाले, "मोकळा आहे हे मला दिसून राहिलं. परवानगी दिसत नाही."

अमेरिकेतल्या रजेवर त्यांचा राग होता. जास्त मिळते की कमी, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. तिला नाव नाही, हा त्यांचा आक्षेप. इथे सगळ्याला मिळून एकच पीटीओ, म्हणजे पगारी सुट्टी. लग्नाला जा, ताप येऊ दे, कोणी मरू दे, त्याच एका डब्यातून काढायचं. आणि काकांकडे किती नावं होती! किरकोळ, अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण. अनर्जित रजेवर तर त्यांचा जीव होता. अजून कमावलीच नाही अशी रजा सरकार माणसाला आगाऊ देतं, यात त्यांना फार मोठं मन दिसायचं. किरकोळ रजा ही नियमाप्रमाणे रजाच नव्हे, माणूस कामावरच आहे असं धरतात, हे त्यांनी मला इडली खाता खाता समजावलं. "म्हणून किरकोळ रजेवर मेलेला माणूस ड्यूटीवर मेला," असं म्हणून त्यांनी चटणी पुढे सरकवली.

गोदामात कोणाचं सेवापुस्तक ठेवत नाहीत हे कळल्यावर काकांनी स्वतःचं स्वतः ठेवायला घेतलं. शाळकरी वही, तांबड्या शाईने आखलेले रकाने. रुजू झाल्याची तारीख, पाळी बदलली ती तारीख, बर्फामुळे गोदाम बंद राहिलं ते दिवस. शेवटचा रकाना शेऱ्याचा. एकतीस वर्षांत आपल्या सेवेत एका दिवसाचा खंड नाही हे ते कोणालाही सांगत, अगदी घरी पाइप दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही. न कळवता गैरहजर राहिलं की सेवेत खंड पडतो आणि मागची सगळी वर्षं पाण्यात जातात, ही भीती त्यांच्या हाडात होती. इथे मागची वर्षंही कोणी मोजत नव्हतं, पण हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

माझा प्रबंध वसाहतकाळातल्या सरकारी नोकरांचे कामाचे तास आणि रजेचे नियम यांवर आहे हे कळलं तेव्हा शैलामावशी म्हणाली, "रजेवर पीएचडी? आणि त्यासाठी रजा घेऊन इतक्या लांब आलीस?" काका मात्र त्या दिवसापासून मला अहोजाहो सोडून बेटा म्हणायला लागले. गोदामातून चारला आले की चहा घेऊन माझ्या लॅपटॉपशेजारी बसायचे. मी जुन्या दप्तरांची छायाचित्रं उघडायची आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचायची.

त्यांचं वाचन माझ्यासारखं नव्हतं. मला त्या कागदांत राज्यसत्ता, वंशभेद वगैरे दिसायचं. गोऱ्या साहेबाला विलायतेला जायला लांबलचक फर्लो रजा, त्याला वेगळी नियमावली, आणि नेटिव कारकुनाला वेगळी, आखूड. काकांना हे चुकीचं वाटत नव्हतं असं नाही. पण ते आधी तारखा बघायचे. एक अर्ज होता, बाळाजी नावाच्या कारकुनाचा. बायको गावी अत्यवस्थ आहे, सहा दिवसांची रजा मिळावी. खाली साहेबाची सही, मंजूर. मी टिपणात लिहिलं होतं की कधी कधी नेटिव नोकरांनाही सहानुभूती दाखवली जाई. काकांनी ते वाचलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"रजा मागितली पाच तारखेपासून दहापर्यंत. सही बारा तारखेची. हा माणूस गेलाच नाही."

मी म्हटलं, कशावरून? सही नंतर झाली असेल, हा आधीच निघून गेला असेल. काकांनी पुढचं पान काढायला सांगितलं. हजेरीपट. पाच ते दहा, बाळाजीच्या नावापुढे रोज सही. साडेदहाला मस्टरवर तांबडी रेघ मारायचे, तिच्या वर, वेळेत. सहाही दिवस.

मला आनंद झाला. खरं तेच सांगते. तीन वर्षं त्या दप्तरात डोकं घालून बसले होते आणि मला जे दिसलं नाही ते या माणसाने चहा निवायच्या आत दाखवलं. प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं राहील एवढं ते होतं. मी विचारलं, तुम्हाला इतक्या पटकन कसं कळलं? काकांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "असं एक प्रकरण माझ्या हातून गेलं आहे."

त्यांच्या ऑफिसात लांजेवार नावाचा शिपाई होता, भंडाऱ्याकडचा. एका गुरुवारी तो अर्ज घेऊन आला. बाप गावी शेवटच्या घटका मोजत होता. साहेब दौऱ्यावर होते. काकांनी अर्ज घेतला, आवक शिक्का मारला आणि नियम सांगितला. मंजुरी आल्याशिवाय मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, सोडायचं नाही. लांजेवार हो म्हणाला आणि दाराबाहेरच्या त्याच्या स्टुलावर जाऊन बसला. शुक्रवारी दिवसभर बसला. कोणी हाक मारली की उठायचा, पाणी द्यायचा, फाइल न्यायचा, परत बसायचा. काका येता जाता त्याला बघत होते. भंडारा नागपूरहून एसटीने दीड तास. तू जा, मी बघतो, एवढे चार शब्द पुरे होते. काकांनी ते उच्चारले नाहीत. शनिवारी दुपारी साहेब आले, सही झाली. लांजेवार पोचला तेव्हा लोक नदीवरून परतत होते.

"सोमवारी तो कामावर आला," काका म्हणाले. "मी म्हटलं, अरे, तुझी रजा मंजूर आहे, तेरावं करून ये. तर म्हणे, साहेब, रजा वाचली, रद्द करून टाका. रागावून नाही म्हणाला, बेटा. साधं म्हणाला. आणि मी केली रद्द. सेवापुस्तकात नोंद घेतली. रजा रद्द, कर्मचारी हजर. माझं अक्षर चांगलं आहे."

मी ते सगळं लिहून घेतलं. त्या वेळी मला तेच सुचलं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी नागपूरहून दादांच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. दादांच्या किडन्या थांबल्या होत्या, डॉक्टर म्हणत होते, फार तर चार-पाच दिवस. दादा शुद्धीवर होते. डोळे उघडले की एकच विचारत होते, दिगू निघाला का? दिगू म्हणजे काका. मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन आठवडे झाले होते, तिला उभंही राहता येत नव्हतं. ती काकांना म्हणाली, दिगू, तू आजच्या आज जा. काकांचं मंगळवारचं काम दुपारपासून होतं. ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "बेटा, गोदामाच्या त्या पोर्टलवर रजेचा अर्ज टाकून दे."

मी टाकला. कारण म्हणून भावाचा आजार लिहिला, अक्षर न् अक्षर त्यांनी सांगितलं तसं. पाठवल्याबरोबर त्यांच्या सुपरवायझरचं आपोआप येणारं उत्तर आलं. हा ख्रिस म्हणून तिशीतला होता, गोदामात सगळ्यांच्या पाठीवर थाप मारत फिरायचा. तो सुट्टीवर होता, सोमवारी परत येणार. अर्जापुढे पिवळी खूण आली, पेंडिंग. मी म्हटलं, काका, हे नुसतं कळवण्यापुरतं असतं. इथे कोणी वाट बघत नाही. तिकीट काढा आणि जा. ते म्हणाले, "हो, हो. मंजुरी आली की निघतोच."

दुसऱ्या दिवशी मी टेक्सासला गेले. अर्विंगमध्ये परिषद होती, माझा निबंध होता. निघताना पुन्हा सांगितलं, काका, जा हं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, जातील. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

पुढचं मला मावशीने फोनवर सांगितलं. तिने गुरुवारी दुपारचं बोस्टनहून तिकीट काढलं, बॅग भरून घेतली. काका सकाळी कामावर गेले. तिथे त्यांनी ख्रिसच्या जागी असलेल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, अहो, जा ना तुम्ही, इथे कशाला आलात. काकांनी विचारलं, लेखी देता का? तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, लेखी कशाला, फक्त जा. काका जागेवर गेले आणि पाळी संपेपर्यंत खोकी भरत राहिले. विमान गेलं. मावशी त्यांना नाही नाही ते बोलली. ते ऐकत उभे राहिले आणि दर तासाला तिच्या टॅबवर पिवळी खूण बघून येत राहिले.

शुक्रवारी सकाळी वहिनींनी व्हिडिओ लावून दादांच्या तोंडासमोर फोन धरला. काका नेहमीसारखे उभे राहिले. दादा म्हणाले, "निघाला का?"

काका म्हणाले, "अर्ज टाकला आहे, दादा."

दादा थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले.

त्याच दिवशी दुपारी अर्विंगच्या हॉटेलात मी बाळाजीची गोष्ट सांगत होते. पडद्यावर तो हजेरीपट, सहा सह्या. एका निवृत्त कारकुनाने दोन तारखा बघून इतिहासकारांची चूक कशी काढली हे मी रंगवून सांगितलं. 'मोकळा आहे हे दिसून राहिलं, परवानगी दिसत नाही' हेही इंग्रजीत करून सांगितलं. लोक खूप हसले. टाळ्या पडल्या. आज ते आठवलं की मला माझ्या आवाजाची शिसारी येते. त्या माणसाबद्दल मी वह्या भरल्या, पण त्याच्या हाताला धरून त्याला गाडीत बसवलं नाही. मला विमान चुकवता आलं असतं. मला कोणाची मंजुरी लागत नव्हती.

शनिवारी सकाळी दादा गेले. तोंडात पाणी वहिनींनी घातलं.

मी रविवारी परतले. मावशी खोलीचं दार लावून पडली होती, ती भावाशी बोलत नव्हती. काका स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. मी बॅग दाराशी ठेवली. ते म्हणाले, "प्रवास बरा झाला ना?"

सोमवारी ते कामावर गेले आणि चारला आले. हातपाय धुतले, चहा केला, दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले, रोजच्यासारखे. म्हणाले, उघड. मी पोर्टल उघडलं. पिवळ्याची हिरवी खूण झाली होती. खाली ख्रिसने लिहिलं होतं की तुम्ही विचारायचीच गरज नव्हती, हवे तितके दिवस घ्या, भावाला माझा नमस्कार सांगा. इंग्रजीत होतं, पण काकांना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "रजा वाचली. रद्द करून टाक."

मी म्हटलं, काका, आता तरी जा. दहावं आहे, तेरावं आहे. मावशीसाठी जा. त्यांनी ऐकलं नाही असं नव्हतं. ते पडद्याकडेच बघत होते. रद्द करण्याचं कारण विचारणारा एक चौकोन आला. तिथे काय लिहू असं मी विचारलं, तर त्यांनी सांगितलं, गरज उरली नाही असं लिही. मी लिहिलं. बटण मी दाबलं, त्यांच्या सांगण्यावरून, आणि त्यांनी खिशातून वही काढून शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली. मी वाचली नाही. वाचायची गरज नव्हती. मग वही मिटून ते म्हणाले,

"लांजेवारला मी थांबवलं होतं, बेटा. मला कोणी थांबवलं नव्हतं."

चहा दोघांचाही तसाच राहिला. त्यानंतर ते माझ्या टेबलाशी कधी येऊन बसले नाहीत. मीही दप्तरं उघडून त्यांना बोलावलं नाही. घरात तिघं होतो आणि तीन वेळांना जेवत होतो.

जानेवारीअखेर मला टेक्सासमधल्या फ्रिस्कोत काम मिळालं. निघायच्या दिवशी मी पहाटेच गाडी भरली. काका माझ्या आधी घराबाहेर पडले होते. निरोप आदल्या संध्याकाळीच घेतला होता. त्यांनी विचारलं होतं, तिकडे कार्यालयीन वेळ काय, आणि मी नऊ ते पाच असं खोटंच सांगितलं होतं, कारण ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं. वाटलंही असावं.

रूट नाइनच्या नाक्यावर मला ते दिसले. बर्फ भुरभुरत होता. काळा कोट, कानटोपी, हातात डबा, खांबाशेजारी उभे. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता, माझी गाडी मागे वळणावर थांबलेली होती तेवढीच. त्यांनी बटण दाबलेलं असणार, कारण थोड्या वेळाने लाल हात गेला आणि चालत्या माणसाचं पांढरं चित्र आलं. शेजारी सेकंद मोजले जायला लागले. काका त्या चित्राकडे बघत होते. आकडे उतरत उतरत शून्यावर आले आणि लाल हात पुन्हा लागला.

काका तिथेच उभे होते.